नीलाला आलं, की प्रश्न बाद

मुलुंड पूर्वेच्या अनुबंध सोसायटीत मधुकर वायंगणकरइतका निरुपयोगी माहितीचा साठा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता. उपयोगी माहिती काय, कुणालाही असते, असं तो म्हणायचा. गॅसवाल्याचा नंबर पाठ असणं म्हणजे ज्ञान नव्हे. त्याला गॅसवाल्याचा नंबर पाठ नव्हताच. स्वतःचाही नव्हता. पण उझबेकिस्तानातून समुद्र गाठायचा तर निदान दोन देश ओलांडावे लागतात, आणि असा दुसरा देश जगात एकच आहे, लिक्टेनस्टाइन, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. कुणी उठवत नव्हतं, एवढंच.

नोकरीत असताना तो भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅचला होता. ट्रक भरून होईपर्यंत ड्रायव्हर रिकामा असतो. मधुकर त्याला प्रश्न विचारायचा. नेपाळच्या झेंड्याला कोपरे किती? ऑक्टोपसला हृदयं किती? काही दिवसांनी ड्रायव्हर ट्रकमधून उतरून स्वतःच रंगाचे डबे उचलू लागले. मधुकरच्या पाळीत ट्रक सगळ्यात लवकर भरतात, हे साहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला शाल आणि नारळ दिला. सत्काराला उत्तर देताना त्यानं साहेबांना विचारलं की नारळाचं पाणी म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं नेमकं काय. साहेब पुढच्या मीटिंगला निघून गेले.

अनुबंधमध्ये दर सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा, दुपारी सत्यनारायण आणि संध्याकाळी प्रश्नमंजुषा असायची. वीस वर्षं असायची. सुरू मधुकरनं केली, चालवली मधुकरनं, आणि वर्षभर त्याच एका संध्याकाळसाठी तो जगायचा. एरवी तो वायंगणकर होता. त्या दिवशी तो इस्त्रीचा झब्बा घालून माइक हातात घ्यायचा आणि क्विझमास्तर व्हायचा. चालायचाही वेगळा.

प्रश्न काढायची त्याची पद्धत कडक होती. सुचला प्रश्न की लगेच नीलाला विचारायचा. नीला म्हणजे बायको. तिला उत्तर आलं, की प्रश्न बाद. नाही आलं, की प्रश्न पास, आणि मग उत्तर तिला समजावून सांगायचा, नकाशासकट.

“हे काय, कुणालाही येईल,” असं पुटपुटत तो बाद प्रश्नावर काट मारायचा. नीला गवार मोडत असायची, किंवा उद्याच्या साडीला मॅचिंग ब्लाउज शोधत असायची. मान वर न करता उत्तर द्यायची. ती घाटकोपरला एका सहकारी बँकेत शाखाधिकारी होती. दिवसभर लोकांना नाही म्हणून ती दमलेली असायची. हो म्हणायची वेळ आली की बरं वाटायचं तिला.

या पद्धतीची सुरुवात लग्नाआधीचीच. मधुकर मुलगी बघायला गेला, तेव्हा मुलीला काही विचारायचं असेल तर विचार, असं वडीलधाऱ्यांनी सुचवलं. शिवण येतं का, नोकरी चालू ठेवणार का, असं सगळे विचारतात. मधुकरनं विचारलं, एकही बारमाही नदी नसलेला सगळ्यात मोठा देश कोणता. नीला म्हणाली, “सौदी अरेबिया. पोहे आणखी वाढू?” मधुकरला मुलगी आवडली. प्रश्न मात्र त्यानं मनातल्या मनात सोप्यात टाकला.

त्याला हे सुचलं नाही, की या मुलीचं बालपण वडिलांच्या रद्दीच्या दुकानात गेलं होतं. शाळेतून आली की ती गठ्ठ्यांवर बसून वाचायची. कालची वर्तमानपत्रं, दहा वर्षांपूर्वीची मासिकं, कुणाच्या तरी मुलानं कंटाळून विकलेले ज्ञानकोशाचे खंड. दुकानात जे यायचं ते तिच्या डोळ्यांखालून जाऊनच तराजूत पडायचं. त्यावर मधुकरशी लग्न. रोज रात्रीच्या जेवणात दोन-तीन प्रश्न, चुकला तर उत्तर समजावून. असा संसार तीस वर्षांच्या पुढे गेला. माणसाचं काय होईल?

नीलाचं काय झालंय, ते नीलालाही माहीत नव्हतं. आपल्याला जे येतं ते कुणालाही येतं, असं नवरा रोज सांगत होता. तिनं विश्वास ठेवला. नवऱ्यावर विश्वास ठेवायच्या दोन-तीनच गोष्टी होत्या, त्यातली ही एक.

प्रश्नमंजुषेचा निकाल काय लागत असेल, ते वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी आणलेली ढाल अजून वायंगणकरांच्या टीव्हीशेजारी उभी होती. मधुकरचा नियम होता की निदान पाच गुण मिळवणाऱ्या संघालाच ढाल. वीस वर्षांचा उच्चांक एक होता. तो बी विंगच्या देवेशच्या नावावर. देवेश सॉफ्टवेअरमध्ये होता. मधुकरनं विचारलं होतं, नाऊरू या देशाची राजधानी कोणती. देवेश आधीच्या सात प्रश्नांनी वैतागला होता. “नसेलच राजधानी,” तो म्हणाला आणि उठून निघाला. मधुकरला भरून आलं. नाऊरूला अधिकृत राजधानी खरंच नाही. देवेशला परत बोलावून टाळ्या झाल्या. त्यानंतर तो दरवर्षी भाग घ्यायचा आणि प्रत्येक प्रश्नाला “नसेलच” म्हणून बघायचा. पुन्हा कधी लागलं नाही.

यंदा डिसेंबरात सोसायटीच्या कमिटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी निलेश गावंड चाळिशीतला, मॉड्युलर किचनचा धंदा करणारा, हसतमुख माणूस. लोकांना काय हवं ते त्याला लवकर कळायचं. त्यानं वाईट बातमी चहा येईपर्यंत रोखून धरली.

लोकांचं म्हणणं असं होतं, की प्रश्नमंजुषा बंद करावी आणि हाऊजी ठेवावा. नाहूरला निलेशच्या भावाच्या सोसायटीत हाऊजी असतो, तर खुर्च्या भाड्यानं आणाव्या लागतात. आपल्याकडे गेल्या वर्षी मोजून सहा माणसं बसली होती, आणि त्यातले दोघे केटररचे होते, भांडी न्यायला थांबलेले.

मधुकर म्हणाला की हाऊजीत कुणीतरी आकडा ओरडायचा आणि आपण तो खोडायचा. यात डोकं कुठे लागतं?

“काका, तेच तर लोकांना आवडतं,” निलेश म्हणाला. “वर्षभर डोकं लावूनच वैतागलेत सगळे. आणि राग मानू नका, पण तुमच्या प्रश्नांनी माणसाला आपण मूर्ख आहोत असं वाटतं. सणाच्या दिवशी कशाला?”

बरीच चर्चा झाली. मधुकरनं ज्ञान, पुढची पिढी आणि प्राचीन अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय हे तिन्ही मुद्दे मांडले. शेवटी निलेशनं मधला मार्ग काढला. यंदा प्रश्नमंजुषा होऊ दे. समोर बसलेल्या लोकांकडून पाच, फक्त पाच बरोबर उत्तरं आली, तर पुढेही चालू. नाही आली, तर त्याच संध्याकाळी तिथल्या तिथे हाऊजी सुरू, आणि दरवर्षी तोच. आकड्यांची पिशवी आपण घेऊनच येऊ.

मधुकर घरी आला आणि जेवायला बसला नाही. त्यानं जेवायला न बसणं ही बातमी होती. नीलानं कारण विचारलं. ऐकून घेतलं. लसूण सोलता सोलता म्हणाली, मग सोपे काढा ना यंदा.

“सोपे म्हणजे किती सोपे?”

हा प्रश्न त्यानं स्वतःलाच विचारला होता. पण विचारता विचारता त्याची नजर तिच्यावर पडली, आणि त्याला मार्ग दिसला. सोसायटीतल्या सर्वसाधारण माणसाला काय येतं, हे जाणून घ्यायला बाहेर कशाला जायचं? तो माणूस समोर लसूण सोलतोय.

“नीला,” तो म्हणाला, “यंदा नियम उलटा. तुला उत्तर आलं, की प्रश्न पास.”

नीलाचा हात थांबला. “म्हणजे मी काय गाळणी आहे?”

“गाळणी नाही गं. माप.”

“बरं. मग काढा पटापट प्रश्न. मापाला उद्या साडेनऊला बँक आहे.”

पुढचे काही दिवस मधुकरला लाज वाटत राहिली. इतके सोपे प्रश्न त्यानं आयुष्यात काढले नव्हते. कोणत्या ग्रहाचा एक दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो? नीला म्हणाली शुक्र, आणि मिक्सर लावला. चौकोनी ठोकळ्यांसारखी विष्ठा टाकणारा प्राणी कोणता? नीला म्हणाली वॉम्बट, आणि जेवताना असलं विचारू नका म्हणाली. युद्धात समुद्रकिनारा गमावूनही नौदल बाळगणारा दक्षिण अमेरिकेतला देश? बोलिव्हिया. काजू मूळचा कुठला? ब्राझील, आणि हे तर मालवणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असेल, अशी पुस्तीही तिनं जोडली. मधुकरनं मान हलवली. त्यालाही तसंच वाटत होतं.

प्रश्न भरपूर जमले. ते वाचून त्याला उदास वाटायचं. अगदीच पोरखेळ. पण प्रश्नमंजुषा वाचवायची तर मान खाली घालावी लागणार होती. वीस वर्षांची शिस्त एका संध्याकाळसाठी मोडायची. पाच उत्तरं पहिल्या पाच मिनिटांत येतील, मग पुढच्या वर्षी पुन्हा आपले खरे प्रश्न.

सव्वीस जानेवारीला संध्याकाळी सोसायटीच्या आवारात गर्दी होती. पन्नास-साठ माणसं तरी असतील. मधुकर गर्दी बघून सुखावला. मग त्याला दिसलं की प्रत्येकाच्या हातात हाऊजीचं तिकीट आणि पेन आहे. निलेशनं तिकिटं आधीच वाटली होती. मागच्या बाजूला नीला आणि दोघीतिघी उरलेला शिरा डब्यांत भरत होत्या.

स्टेजवर तीन संघ होते. एक देवेशचा. एक श्रुतिकाचा. ती सीए होती, ऑफिसच्या क्विझमध्ये बक्षिसं मिळवायची आणि इथे दरवर्षी शून्यावर राहून आठवडाभर कुणाशी बोलायची नाही. तिसरा संघ ज्येष्ठ नागरिकांचा. ते तिघे स्टेजवर हात असलेल्या खुर्च्या मिळतात म्हणून भाग घ्यायचे.

मधुकरनं माइक हातात घेतला आणि आधी माफी मागितली. यंदाचे प्रश्न अगदी बाळबोध आहेत, जाणकारांनी उदार मनानं सांभाळून घ्यावं, काही लोकांच्या आग्रहामुळे पातळी उतरवावी लागली आहे. काही लोक म्हणताना त्यानं निलेशकडे पाहिलं. निलेशनं हात जोडले. मग पहिला प्रश्न आला, शुक्राचा.

देवेश म्हणाला गुरू. श्रुतिका म्हणाली प्लुटो, आणि प्लुटो ग्रह आहे की नाही यावर मधुकरशी वाद घालू लागली. ज्येष्ठ नागरिक म्हणाले पृथ्वी. निवृत्तीनंतर दिवस वर्षापेक्षा मोठा वाटतो, असं त्यातल्या एकांनी माइक मागून घेऊन सविस्तर सांगितलं.

मधुकरला वाटलं, सुरुवातीला माणसं घाबरतात. त्यानं वॉम्बटचा प्रश्न विचारला. हत्ती, कासव, घोरपड अशी उत्तरं आली. श्रुतिकानं विचारलं की हे तो प्राणी मुद्दाम करतो का. मग मधुकरनं बोलिव्हिया विचारलं. देवेश म्हणाला, “नसेलच.” काजू विचारला. तिन्ही संघ एका सुरात म्हणाले वेंगुर्ला. प्रेक्षकांतून टाळ्या आल्या. मधुकरनं ब्राझील सांगितलं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांना फसवल्यासारखं वाटलं.

निलेशच्या हातातली पिशवी खुळखुळली. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. तो आकडे ढवळून ठेवत होता.

मधुकरच्या कपाळावर घाम आला. त्याच्याकडचा सगळ्यात सोपा प्रश्न त्यानं शेवटासाठी ठेवला होता, लोकांना हसत घरी पाठवायला. तो त्यानं आताच काढला. आपण सगळे राहतो ते मुलुंड कोणत्या बेटावर आहे?

देवेशनं हात वर केला. “काका, प्रश्न चुकलाय. मुलुंड बेटावर नाहीये. मुलुंडला टोल नाका आहे.”

हे उत्तर लोकांना पटलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी तर मान डोलावली. श्रुतिका म्हणाली की बेट म्हणजे मढसारखं, चारी बाजूंनी पाणी. इथे तर पाणी दिवसातून दोनदाच येतं.

क्विझमास्तरच्या बायकोनं उत्तर द्यायचं नसतं, हे नीलाला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती ते पाळत होती. वीस वर्षं पाळत होती. त्याला फारसे कष्टही पडले नव्हते, कारण विचारलेल्यांतलं तिला जे येई ते नवऱ्यानंच शिकवलेलं असे. टोल नाक्यापर्यंत तिनं सहन केलं. मग शिऱ्याचा चमचा हातात घेऊन ती उभी राहिली.

“अहो साष्टी,” ती म्हणाली. “साष्टी बेटावर आहे मुलुंड. बोरिवलीसुद्धा, ठाणंसुद्धा. हे काय, कुणालाही येईल.”

सगळ्या माना मागे वळल्या. मधुकरच्या जिवात जीव आला. एक झालं. त्यानं घाईघाईनं पुढचा प्रश्न थेट प्रेक्षकांनाच टाकला. उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची असते, या चौघांत समान काय? कुणी म्हणालं तूप. कुणी म्हणालं पित्त. नीला म्हणाली, ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे बाहेरून आली. दोन झाली. पुढचे तीन प्रश्नही तिनंच उचलले. बोलत असताना ती डब्यांची झाकणं लावत होती.

पाच झाली. मधुकरनं विजयी मुद्रेनं निलेशकडे पाहिलं. पण टाळ्या आल्याच नाहीत. आली ती कुजबुज. मग श्रुतिका उठून उभी राहिली. तिच्या हिशेबी मनाला हे खपण्यासारखं नव्हतंच.

“काका, हे चीटिंग आहे,” ती म्हणाली. “काकूंना उत्तरं तुम्ही घरीच सांगितलीत.”

मधुकरला आयुष्यात खूप काही म्हटलं गेलं होतं. कंटाळवाणा म्हटलं होतं, विक्षिप्त म्हटलं होतं, एका ड्रायव्हरनं तर तोंडावर डोक्याला ताप म्हटलं होतं. चीटर कुणी म्हटलं नव्हतं. त्याचा आवाज चढला.

“यातलं एकही उत्तर मी तिला सांगितलेलं नाही. तिनं मला सांगितली. तिला येतात म्हणून तर मी हे प्रश्न घेतले. नाहीतर इतकी वर्षं तिला आलं, की मी प्रश्न काढूनच टाकायचो.”

बोलून झाल्यावर तो थांबला. आपण काहीतरी बोललो, एवढं त्याला कळलं होतं. काय बोललो, ते हळूहळू पोचत होतं. देवेशला आधी पोचलं.

“थांबा, काका. म्हणजे वीस वर्षं जे काकूंना येत नाही, तेवढंच तुम्ही आम्हाला विचारलंत?”

“नीलाला येतं ते सगळ्यांना येतंच ना,” मधुकर म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता. त्यानं नीलाकडे पाहिलं. आयुष्यभर वापरलेलं किलोचं वजन कुणीतरी उचलून दाखवावं, आणि ते पाच किलोचं निघावं, तसं त्याला झालं.

नीलाही त्याच्याकडेच बघत होती. “मला वाटायचं मला फारसं काही येत नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच म्हणायचात.”

मग ज्येष्ठ नागरिकांपैकी एकाला हसू फुटलं, आणि ते पसरत शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. देवेश तर स्टेजवरच बसकण मारून हसत होता. वीस वर्षांचा उच्चांक एक का, ते त्याला आज कळलं होतं. आपण मूर्ख नाही, ही बातमी पन्नास-साठ माणसांना एकाच वेळी मिळाली. असा आनंद अनुबंधमध्ये लिफ्ट बदलली तेव्हाही झाला नव्हता.

श्रुतिकाला मात्र पुरावा हवा होता. तिनं फोन काढला, प्रश्न शोधला आणि विचारला. माणसासारखे बोटांचे ठसे असलेला, झाडावर राहणारा ऑस्ट्रेलियातला प्राणी? कोआला, नीला म्हणाली, रद्दीतलं ते पान अर्धं उंदरानं खाल्लं होतं पण चित्र शाबूत होतं. मग सगळ्यांचेच फोन निघाले. सगळा प्रदेश हजार मीटरच्या वर असलेला देश? लेसोथो. स्कॉटलंडचा राष्ट्रीय प्राणी? एकशिंगी घोडा, जो अस्तित्वातच नाही, आणि तिकडच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. कुणीतरी तिला स्टेजवर नेलं. ज्येष्ठ नागरिकांनी तिला हात असलेली खुर्ची दिली, यावरून सभेचा मूड ओळखावा. चमचा तिच्या हातात तसाच होता.

हाऊजीची तिकिटं खाली पडत होती. पेनं चालत होती, पण प्रश्न लिहायला. निलेश पिशवी घेऊन बाजूला उभा होता. त्याची संध्याकाळ त्याच्या डोळ्यांदेखत चालली होती. त्यानं एकदोनदा पिशवी वाजवून पाहिली. मग न राहवून त्यानंही हात वर केला.

“काकू, हाऊजीत बावीस आकडा आला की काय ओरडतात?”

नीलानं विचार केला. बराच केला. “नाही बाई,” ती म्हणाली. “हाऊजी मी कधी खेळलेच नाही. हे मला नाही येत.”

“दोन बदकं,” निलेश म्हणाला. “टू लिटल डक्स. बावीस म्हणजे दोन बदकं.”

जो गलका झाला तो टोल नाक्यापर्यंत गेला असावा. काकूंना अडवलं. सेक्रेटरीनं अडवलं. देवेशनं त्याला उचलायचा प्रयत्न केला. निलेशचा चेहरा लाल झाला होता. शाळेत असताना त्याला कुणी पहिल्या बाकावरही बसवलं नव्हतं. त्यानं तिथूनच नाहूरच्या भावाला व्हॉइस मेसेज पाठवला, आणि त्यात बावीस, बदकं आणि बँक मॅनेजर हे तीन शब्द अनेकदा आले.

आता अट उरली होती. ज्येष्ठ नागरिकांपैकी एकजण जुने कमिटी मेंबर होते. त्यांनी मुद्दा काढला, की पाच उत्तरं लोकांकडून यायला हवी होती, आणि क्विझमास्तरची बायको लोकांत धरायची की नाही. यावर दहा मिनिटं गेली. मधुकर माइक धरून उभा होता. जगातला प्रत्येक देश त्याला ठाऊक होता, पण आपली बायको लोकांत येते की नाही, हे त्याला सांगता येईना.

निकाल निलेशनंच दिला. वायंगणकरांचा फ्लॅट घेताना कर्ज नीलाकाकूंच्या बँकेतून निघालं होतं, म्हणून शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव त्यांचं. काकू सभासद. काका सहसभासद. उत्तरं सभासदानं दिली, ती धरायचीच. प्रश्नमंजुषा चालू राहील. फक्त, तो म्हणाला, पुढच्या वर्षी जरा वेगळ्या पद्धतीनं.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाचं नाव ‘नीलाकाकूंना अडवा’ असं ठरलं. स्टेजवर एकच खुर्ची, तिच्यात नीला. प्रश्न विचारणार सोसायटी. निलेश स्वतःहून संयोजक झाला. एकदा अडवलेल्या माणसाला पुन्हा अडवायची घाई झालेली असते.

फेब्रुवारीपासूनच इमारतीत कुणी सरळ बोलेनासं झालं. लोक लिफ्टमध्ये मधुकरला गाठून हळूच प्रश्न विचारायचे. आधी त्याला वाटलं, आपला मान वाढला. तो खुशीत उत्तर द्यायचा. उत्तर दिलं, की समोरच्याचा चेहरा पडायचा. जिन्यात एकदा श्रुतिकानं समजावून सांगितलं. काकांना आलं म्हणजे काकूंना येणारच, म्हणून तो प्रश्न सोडून द्यायचा, असं सगळ्यांचं ठरलं होतं.

मधुकर घरी येऊन बराच वेळ गॅलरीत उभा राहिला. मग त्यानं ठरवलं, की आपणही नाव द्यायचं. रांगेत उभं राहून सगळ्यांसमोर नीलाला अडवायचं. अडचण एकच होती. तिला कधीही न आलेले शेकडो प्रश्न त्याच्याकडे होते, पण त्या प्रत्येकाचं उत्तर त्यानं तिला नकाशासकट समजावलेलं होतं. एवढी मोठी शिदोरी, आणि त्यातला एक घास कामाचा नाही. नवा प्रश्न हवा होता, आणि तो पोटात ठेवायला हवा होता, पुढच्या जानेवारीपर्यंत.

प्रश्न मिळाला मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी. असा प्रश्न त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. तो नाश्त्याला येऊन बसला आणि काहीच बोलला नाही. नीलानं घावन वाढला. त्यानं खाल्ला. दुसरा वाढला. तोही खाल्ला.

“काय झालंय?” नीलानं विचारलं.

“कुठे काय?”

“प्रश्न मिळालाय तुम्हाला.”

मधुकरनं चटणीकडे पाहिलं.

“सांगू नका,” ती म्हणाली. “माझं काही अडलेलं नाही.” आणि तवा जरा जोरातच उतरवला. मग चहा ओतताना ती म्हणाली, की भूगोलाचा असेल तर नुसतं भूगोल म्हणा. मधुकर गप्प. रसायनशास्त्र का? मधुकरचा कप हलला. रसायनशास्त्र, नीला म्हणाली आणि समोर खुर्ची ओढून बसली. तिनं दोन्ही कोपर टेबलावर ठेवले. मुलगी बघायला गेला होता, त्या दिवशीही ती इतकं टक लावून बसली नव्हती.

“एकाच खेड्यावरून चार मूलद्रव्यांची नावं पडली आहेत,” मधुकर म्हणाला. “ते खेडं कोणतं?”

नीलानं डोळे मिटले. दुकानातले सगळे गठ्ठे ती आतल्या आत उलटेपालटे करत असावी. मधुकर श्वास रोखून बसला. तिला येत नव्हतं. स्पष्ट दिसत होतं, तिला येत नव्हतं. जानेवारीत, सगळ्या सोसायटीसमोर, फक्त त्याच्या प्रश्नावर ती अडणार होती. आता एवढंच करायचं होतं, की तोंड मिटून चहा संपवायचा.

“नाही येत,” नीला म्हणाली.

“इटरबी,” मधुकर म्हणाला. “स्वीडनमध्ये. स्टॉकहोमजवळ. थांब, नकाशा आणतो.”